ग्रेडी ऊस्टरमनचे चारशे बारा चेंडू

मी एखाद्याला प्रसिद्ध करायचं ठरवलं की तो प्रसिद्ध होतोच! एकोणतीस वर्षं आमच्या विद्यापीठाच्या क्रीडाप्रसिद्धी कचेरीत बसून हे मी येईल त्याला सांगत आलेय. पुरावा म्हणून भिंतीवर सात फोटो आहेत. कॉलेज फुटबॉलमध्ये दर डिसेंबरात एकेका जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूला बक्षीस मिळतं. चेंडू फेकणाऱ्याचं वेगळं, धावणाऱ्याचं वेगळं, आडवं येणाऱ्याचं वेगळं. आयोवातल्या या मक्याच्या शेतांमधून सात पोरं त्या अंतिम याद्यांपर्यंत पोचली ती माझ्यामुळे. थोडीफार त्यांच्या खेळामुळेही असतील.

आठवा फोटो ग्रेडी ऊस्टरमनचा लावायचा, असं मी मागच्या वर्षी ठरवलं.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. आमच्या गावातही कोणी ऐकलं नव्हतं. ग्रेडी लाँग स्नॅपर. म्हणजे काय, तर आपला संघ अडला, आता चेंडू लाथेने लांब उडवून द्यायचा असं ठरलं, की हा आत येतो, ओणवा होतो, स्वतःच्याच दोन पायांमधून मागे बघतो आणि पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्या गड्याच्या हातात चेंडू फेकतो. मग बाहेर जाऊन बसतो. काम झालं! चुकला तर अख्ख्या राज्याला नाव कळतं आणि नाही चुकला तर सख्ख्या आजीलाही कळत नाही. ग्रेडी चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. कॉलेज संपेपर्यंत हे असंच राहावं, एवढंच त्याला हवं होतं.

आमचे प्रशिक्षक डेल प्रुइट यांनी मला बजावलं होतं. "मार्लीस, त्याच्यासमोर न चुकलेल्या चेंडूंचा आकडा काढू नकोस. आम्ही चार वर्षं त्याच्याशी फक्त हवामानावर बोलतोय." मी म्हटलं, डेल, तू एवढा शिकलेला माणूस आणि अजून नजर लागते म्हणतोस?

मग मी ग्रेडीला बोलावलं. तो टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. मी म्हटलं, तुझं नाव मी देशभर करणार आहे. तो म्हणाला, नको मॅडम. आता तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. कॉफी विचारली की दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप" म्हणायचं आणि मग पूर्ण कप प्यायचा. त्यामुळे मी दुसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, खरंच नको. मी खूश! म्हटलं, किती चांगल्या घरचा मुलगा आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो बराच वेळ टोपीच्या आत बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही इतकं म्हणताय तर... बरं."

झालं! मी कामाला लागले.

या बक्षिसांसाठी मतदान करतात पत्रकार आणि जुने प्रशिक्षक, आणि त्यांच्या टेबलावर देशभरातून भेटवस्तूंचा ढीग पडलेला असतो. त्यात आपलं काहीतरी वेगळं दिसायला हवं. मी सुंदर कार्ड छापून घेतलं. ग्रेडीचा फोटो उलटा, नावही उलटं. खेळताना त्याला जग तसंच दिसतं ना! कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली.

मतदारांना वाटलं, छापखान्याने घोळ घातला. एकतीस जणांनी माझं सांत्वन करायला फोन केले. टेक्सासच्या एका गृहस्थांनी "सरळ छापून पाठवा" अशी चिठ्ठी लावून कार्ड परत पाठवलं. छापखाना माझ्या मेव्हण्याचा, तो माझ्याशी बोलेनासा झाला. एका वर्तमानपत्रात आलं की ज्यांना फोटो सरळ छापता येत नाही, त्यांनी मुलांना इंजिनिअर करू नये. मग ते कार्ड फोनाफोनांतून असं पसरलं की सोय नाही! कुलगुरूंनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, साहेब, हसं झालं तरी नाव तर झालं ना?

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी मैदान भरून गेलं होतं. मुलांनी उलट्या पाट्या आणल्या होत्या. काही जण तर पँट डोक्यावर घालून आले होते, त्यात काय सुचवायचं होतं ते मला आजही कळलेलं नाही. मोठ्या पडद्यावर मी आकडा लावायला सांगितला होता: ४०७, एकही चूक नाही. ग्रेडी आत आला की वीस हजार लोक मोजायला लागायचे. चारशे आठ! चारशे नऊ! डेलने खालून मान वर करून पत्रकारांच्या कक्षातल्या माझ्या खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं शाबासकी देतोय, म्हणून मी हात हलवला.

चारशे बारापर्यंत सगळं झकास. मग ग्रेडी पुन्हा आत आला, ओणवा झाला, आणि त्याने चेंडूवरचा हात काढून पँटला पुसला. चार वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. चेंडू हलायच्या आधीच लोक ओरडले, चारशे तेरा! पडद्यावरही आकडा बदलला, कारण उशीर करायचा नाही, असं मीच बजावलं होतं.

चेंडू लॅक्लनच्या डोक्यावरून गेला.

लॅक्लन आमचा चेंडू उडवणारा, ऑस्ट्रेलियाहून आलेला. तो मागे धावला, घरंगळता चेंडू उचलला आणि त्यांच्याकडे मारतात तशी पळता पळता लाथ मारली. चेंडू टप्पे खात खात थेट समोरच्या संघाच्या गोलरेषेपाशी जाऊन थांबला. लोक वेडे झाले! लॅक्लनला खांद्यावर घेतलं. ग्रेडी गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत होता. तिथे अजून होतं, ४१३, एकही चूक नाही.

मी खाली पळत गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ग्रेडी म्हणाला, "मॅडम, तुमची चूक नाही. मी खरं तर तिसऱ्यांदाही नको म्हणणार होतो, पण तुम्ही पुन्हा विचारलं असतं तर चौथ्यांदा म्हणायचं बळ नव्हतं." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही, अजूनही कधी कधी लागत नाही.

नोव्हेंबरात याद्या आल्या. स्नॅपरांच्या यादीत ग्रेडी नव्हता. चेंडू उडवणाऱ्यांच्या यादीत लॅक्लन होता! मुलाखतीत त्या भोळ्याने सांगितलं की हे सगळं ग्रेडीच्या त्या एका चेंडूमुळे. आठवा फोटो भिंतीवर लागला, पण माझं टेबल मी दुसऱ्या बाजूला वळवून घेतलंय. आणि डेल प्रुइट तेव्हापासून माझ्याशी फक्त हवामानावर बोलतो.

शेवटच्या सामन्याला मी पडदा बंद ठेवला, नाव छापलं नाही, आणि खिडकीतली जागा सोडून खाली ग्रेडीच्या वडिलांशेजारी जाऊन बसले. रॉजर ऊस्टरमन. जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवतात. मी माफी मागितली. ते मैदानाकडे बघत म्हणाले, "बावीस वर्षं ट्रक चालवतोय. रस्ता मोकळा असला की मला कोणाचा फोन येत नाही. पोराने ते माझ्याकडून घेतलं."

ग्रेडीने त्या दिवशी नऊ चेंडू टाकले. नऊच्या नऊ अचूक. कोणाचं लक्षही नव्हतं. नववा गेला तेव्हा मला राहवलं नाही, मी उठून टाळ्या वाजवायला लागले. रॉजरनी माझा कोट धरून मला खाली ओढलं.

"बसा," ते म्हणाले. "त्याला दिसेल."

मी बसले. थंडी मी म्हणत होती. थोड्या वेळाने त्यांनी थर्मास उघडला आणि विचारलं, कॉफी घेणार? मी रीतीप्रमाणे म्हटलं, नको.

त्यांनी झाकण लावून टाकलं.