शेवंतीकाकींच्या वाट्याची मोहीम

श्री देव रामेश्वर प्रसन्न. मालवण मुक्कामी आकांक्षाबाई नामे गेमकर्त्या यांनी संगणकात एक गाव वसविले आणि ते खरे की खोटे याचा निवाडा कैसा जाहला, ती हकीकत पुसाल तर येणेप्रमाणे. साहेबीं चित्त देऊन वाचावी. मध्येच मोबाईल पाहू नये.

पुण्याची नोकरी सोडोन बाईंनी दोन वर्षे डोळे फोडिले आणि किनारा रचिला, माडांस वारा दिधला, भरती-ओहोटी पंचांगाबरहुकूम चालविली आणि मासळीच्या वासावर मांजरे जमतील ऐसा बंदोबस्त केला. मग गेम बाजारी आणणारे प्रीतमराव पुणेकर यांचे फर्मान आले की, जन्मात गेम न खेळलेल्या माणसाने तासभर जागचे न उठता खेळावे. उठल्यास गाव मोडावे आणि बाईंनी पुण्यास येऊन पूर्ववत फळे फोडण्याच्या गेमवर रुजू व्हावे. 

तेव्हा शेजारच्या शेवंतीकाकी, चाळीस वर्षे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे मोठे जाळे, ओढणाऱ्या, यांस पाचारण केले, चहा दिला आणि बटणे समजाविली. काकी पडद्यावरील किनाऱ्यास गेल्या, रापणीचे जाळे लागलेले पाहोन दोरीस हात लाविला, रयतेबरोबर ते ओढून काढिले, आणि शंभर गुण झळकले. मग काकी वाळूत उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. दहाव्या मिनिटास खुर्ची सोडोन वदत्या जाहल्या, "गो बाय, माड बरे आसत, पण ह्यो गाव खोटो. दोरीक हात लायलंय, माझो वाटो खंय?"

बाई खजील जाहल्या. लाटेचा फेस थेंबाथेंबाने रचिला, आणि जो दोरीस हात लावील त्यास मासळीचा वाटा, मग तो वाटसरू का असेना, हा किनाऱ्याचा कायदाच विसरल्या. लहानपणी आपणही दोरी ओढून वाट्याचे दोन बांगडे घेऊन घरी धावलो होतो, ते आठवोन फार लाजल्या. मग प्रीतमरावांची मिनतवारी करून आठ दिवसांची मुदत आणिली, शंभर गुण पुसिले, आणि जाळे येताच वाळूवर वाटे घालून प्रत्येक हातास त्याचा वाटा पोचावा, ऐसे केले.

शनिवारी दुपारी प्रीतमराव व्हिडिओ कॉलवर घड्याळ घेऊन बसले आणि काकी पुनः गावात शिरल्या. तीन बांगडे वाट्यास आले. काकींनी ते निरखिले, मग दुसरी रापण धरिली, मग तिसरी. पन्नासाव्या मिनिटास खऱ्या किनाऱ्यावर खरी रापण लागली आणि दोरीस बोलाविणारी आरोळी खिडकीतून आत आली. बाईंनी आशा सोडिली, कारण ती आरोळी ऐकून काकी बसोन राहिल्या, ऐसे चाळीस वर्षांत घडले नव्हते. परंतु काकींनी पडद्यावरून नजर न काढिता हुकूम केला, "खिडकी लाव गो, हंय जाळा येता हा."

तास भरला. प्रीतमरावांनी गाव कबूल केले, बाईंचे पुणे टळले, मोहीम फत्ते जाहली. आमचे बाजूने खर्ची पडला तो खऱ्या रापणीतला काकींचा वाटा. सबब सायंकाळी दोन्ही घरी मासळीवाचून कुळथाची पिठी शिजली. काकींनी ताट पाहिले आणि शेजारी हाक मारून पुसिले की, "आकांक्षा, ते बांगडे ताटात कधी येतले?" बाईंनी दुसरे दिवशी बाजारातून बांगडे आणून पोचते केले, हे येथे नमूद केले असे.