भिंगरीच्या झोपेचा पंचनामा

"ही मुलगी झोपतच नाही!" विभागप्रमुखांनी पडद्यावरच्या आलेखावर पेनाचं टोक आपटलं. "मध्यरात्र उलटली तरी टक्क जागी. मधूनच उठून घरभर फेऱ्या. आणि दुपारी जेवण झालं की बसल्या जागी डुलक्या! महिनाभर काय केलंत तुम्ही?"

प्रश्न रुग्णालयाच्या मानसतज्ज्ञ बाईंना होता, पण मान खाली गेली ती समोर बसलेल्या आईची. तिच्या एका बाजूला बाबा होते, दुसऱ्या बाजूला आजी. आणि जिच्यामुळे हे सगळं खटलं जमलं होतं ती मुलगी फिरत्या खुर्चीवर बसून गरागरा फिरत होती. घरात तिला भिंगरीच म्हणत.

ज्या मुलांचं लक्ष एका जागी ठरत नाही, त्यांची झोप आधी ताळ्यावर आणा, मग लक्षही हळूहळू ताळ्यावर येतं का ते बघू, असा बाईंचा अभ्यास होता. विभागप्रमुख त्याला 'अंगाई खातं' म्हणत. मुलांनी लवकर झोपायचं, झोपायच्या आधी टीव्ही नाही, फोन नाही, आणि मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा. कधी झोपलं, कधी उठलं, सगळं तो टिपून ठेवी. भिंगरी एकटी पट्टा घालायला तयार होईना, म्हणून बाईंनी स्वतःही एक घातला होता.

आज तिचा निकाल होता. तो बघून अभ्यास पुढे चालवायचा की गुंडाळायचा, हे विभागप्रमुख ठरवणार होते. आईला मात्र अभ्यासाशी काही देणंघेणं नव्हतं. भिंगरीला याच शाळेत ठेवायचं की दुसरीकडे पाठवायचं, हे शाळा या निकालावरून ठरवणार होती, आणि आईचा जीव त्यात टांगलेला होता.

"अहो, पण आम्ही सगळं पाळलं," आई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग काय, आलेख खोटं बोलतो?"

आजीने घसा खाकरला. "मी तेवढी एक गोष्ट सांगते तिला. राजकन्येचं लग्न लागेपर्यंतच. पण मग तिने विचारलं, राजकन्येचा घोडा रात्री कुठे झोपतो? म्हणून घोड्याची गोष्ट सुरू केली. अर्थात, घोडा तबेल्यात पोचायच्या आत ही घोरायला लागते."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही.

"तरी मी म्हणत होतो!" बाबांना एकदम हुरूप आला.

"तुम्ही तर बोलूच नका," आई उसळली. "पांघरुणात फोन लपवून मॅच कोण बघतं? गोल झाला की पलंग हलतो!"

"आणि तू? दात घासायला म्हणून जातेस आणि बहिणीशी तासभर कुजबुजतेस. तासभर दात घासायला तोंडात दात आहेत किती?"

विभागप्रमुखांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं. गुन्हेगार आपणहून कबुली देत असल्यावर आणखी काय हवं? त्यांनी शाळेला फोन लावला आणि वर्गशिक्षिकेला विचारलं, "ही दुपारी वर्गात झोपते का?"

"झोपते? कुठली हो!" फोनमधून आवाज आला. "एकदा तरी झोपली असती तर मी देवाला हात जोडले असते. पण हल्ली बसते हो एका जागी. काल अख्खी कविता ऐकली तिने."

विभागप्रमुखांनी फोन ठेवला. "म्हणजे शाळेचंही लक्ष नाही!"

ही आई खोटं बोलणारी नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मग चुकलं कुठे? रात्र रात्र जागून त्यांनी आकडे तपासले होते, त्यामुळे आता डोळे उघडे ठेवणंही जड जात होतं.

"लिहून घ्या," विभागप्रमुख म्हणाले. "संध्याकाळनंतर फोन काढून घ्यायचा. पालकांनी शेजारी बसून झोपवायचं. आणि हा अभ्यास—"

तेवढ्यात खुर्ची फिरायची थांबली.

"ही माझी झोप नाहीच आहे," भिंगरी म्हणाली. "ही बाईंची आहे."

"माझी?"

"आपण पट्टे बदलले नाही का! तुमच्या हातात आहे तो माझा, माझ्या हातातला तुमचा. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मैत्रिणी बदलतात तसे आपण बदलूया? तुम्ही कम्प्युटरकडे बघत 'हं हं, छान' म्हणालात. मी परत विचारलं, तुम्ही परत 'हं हं, छान' म्हणालात. मग मीच तुमच्या हाताला बांधला."

बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग भिंगरीच्या. पट्ट्यावरचे क्रमांक वाचले आणि त्यांचे कान लाल झाले.

"तुमचं लक्ष कुठे होतं?" विभागप्रमुखांनी विचारलं. बाईंच्या दारावर 'लक्षतज्ज्ञ' अशी पाटी होती, त्यामुळे उत्तर देणं अवघड होतं.

त्यांनी घाईघाईने स्वतःच्या नावाची फाइल उघडली. रात्रीची रेघ संथ आणि सपाट होती. महिन्याच्या सुरुवातीला थोडी खडबडीत, नंतर पार पहाटेपर्यंत शांत.

"झोपते हो तुमची मुलगी!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "गाढ झोपते! शाळेला मी आजच कळवते!"

आईने पदर डोळ्यांना लावला. बाबांनी आजीच्या पाठीवर थाप मारली, मग भानावर येऊन तिच्या पाया पडले. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "चालू ठेवा अभ्यास," ते पुटपुटले.

"पण बाईंचं काय?" भिंगरी म्हणाली. "माझ्या आईला बोलावलंत ना? मग त्यांच्या आईला पण बोलवा."

न्याय म्हणजे न्याय. बाईंनी निमूटपणे घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"नमस्कार," विभागप्रमुख फोनवर वाकले. "तुमची मुलगी रात्री जागते, दुपारी पेंगते आणि समोरचा काय बोलतोय तिकडे तिचं लक्ष नसतं."

"मग त्यात नवीन काय?" पलीकडचा आवाज म्हणाला. "लहानपणापासून अशीच आहे ती. दप्तर घरी, डबा रस्त्यात आणि ही भलत्याच वर्गात जाऊन बसलेली. शाळेने तर हात टेकले होते, ही काही शिकायची नाही म्हणून. आता काय केलं तिने?"

बाईंनी हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. भिंगरीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत निरखून पाहिलं. "तुम्ही पण?"

आईने खुर्ची सरकवली, विभागप्रमुखांना बाजूला केलं आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"काकू, माझीही अशीच एक मुलगी आहे. तुम्ही काय केलंत हो तेव्हा?"

"काय करणार बाई? सुधारेल म्हणून वाट बघत बसले. बघता बघता ती डॉक्टर झाली," पलीकडून सुस्कारा ऐकू आला. "सुधारायची मात्र अजून वाटच बघतेय."