उंटाच्या शपथेची आणि चांगुणेच्या नावेची हकीकत

श्री. खरे बोलविणारी आणि लिहिणाराचा हात सांभाळणारी जी देवता, तिचे पायी डोके ठेवून लेखनास आरंभ केला. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे. ते समयी एक राज्य होते. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चार राज्ये उठून हक्क सांगत येतात. राज्यात नद्या फार, डोंगर फार, चिखल तर पुसूच नये, आणि महाराज प्रजेचे हित चिंतणारे होते. महाराजांचे पदरी अंतोशास्त्री म्हणोन न्यायखात्याचे मुख्य होते. विद्वत्ता ऐसी की समोरच्याचा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर तयार, आणि मनुष्य मनाचे सालस, हेही लिहिले पाहिजे. आम्ही त्यांचे कचेरीत लेखक होतो, सबब जे लिहितो ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेले आहे.

महाराजांचे मनात आले की आपल्या राज्यात गावागणिक न्यायाची रीत निराळी, हे बरे दिसत नाही, थोर राज्यांत कायदा एक असतो आणि तो बांधीव पुस्तकात असतो. मग शास्त्रीबोवांस आज्ञा जाहली की देशोदेशी जावे, कायदे पाहावे आणि जो उत्तम तो आणावा. शास्त्रीबोवा गेले आणि फिरत फिरत वाळवंटी राज्यात पोहोचले, तेथे न्यायसभेत बसले, आणि तेथे काय पाहिले, तर मेंढ्या चोरल्याचा आळ असलेला एक दांडगा गडी, दोन प्रहर कोणास दाद देईना, आणि मग त्यास उंटाच्या पाठीवर हात ठेवून बोल म्हटले, तो त्याचा चेहरा पांढरा पडला आणि मेंढ्या कोठे लपविल्या ते त्याने घडाघडा सांगितले. शास्त्रीबोवा चकित जाहले आणि आपल्या टिपणात लिहिते जाहले की, उंटास हात लागताच सत्य बाहेर पडते. ऐसे का होते, हे त्यांनी कोणास विचारिले नाही. विद्वानास विचारण्याची सवय कमी असते. मग तेथील कायद्याचा ग्रंथ शब्दास शब्द ठेवून आपल्या भाषेत उतरविला, आणि एक उंट आणि उंटाचा राखणदार लाधू यांस घेऊन स्वराज्यात परत आले.

महाराज संतोष पावले. ग्रंथाची हत्तीवरून मिरवणूक जाहली, उंटास वस्त्रे जाहली, 'धर्मसाक्ष' ऐसा किताब जाहला, आणि दवंडी पिटली की आजपासून उंटाच्या पाठीवर हात ठेविल्याविना घेतलेली शपथ फुकट. आता ग्रंथात दुसरे एक कलम होते, की वाळूचे वादळ आल्यास न्यायसभा तीन दिवस बंद ठेवावी. आमच्या मुलुखात वाळूचे वादळ आजवर कोणी पाहिलेले नाही, परंतु कचेरीतील मंडळी कायद्याचा मान राखणारी, म्हणोन कोणी तरी दर पंधरा दिवसांनी माडीवरून टोपलीभर वाळू अंगणात ओतीत असे आणि आम्ही सारे डोळे चोळीत घरी जात असू. कोण ओतीत असे, ते लिहीत नाही.

उंटाची गत मात्र वाईट जाहली. राज्यात उंट एक आणि तंटे हजार. धर्मसाक्ष आज उत्तरेस, तर उद्या दक्षिणेस, घाट चढता चढता त्याचे पाय सोलले, चिखल दिसला की बसून घेई आणि मग आठ गडी लावले तरी हालत नसे, आणि लाधू त्याच्या मानेस मिठी मारून त्याची समजूत काढीत असे. गावोगाव लोक उंटाची वाट पाहत बसले. दोघे भाऊ बांधावरून भांडले आणि उंट येईतो भांडण पुरले नाही म्हणोन त्यांनी समेट केला, तो बेकायदा ठरला. एका गावी लग्न अडले, कारण मुलाचे वय किती हे बापाने शपथेवर सांगायचे, आणि उंट आला तोवर मुलीस दुसरे स्थळ आले होते. तरी शास्त्रीबोवा म्हणत, "नवी व्यवस्था आहे, बसायला वेळ लागेल." आणि उंट तर बसलेलाच असे.

यात चांगुणा नावाडणीचे प्रकरण उभे राहिले. मोठ्या नदीच्या ऐलतीरी तिचे गाव. उताराची नाव तिच्या सासूने चालविली, सासूच्या सासूने चालविली, नवरा निवर्तल्यावर चांगुणेने चालविली. दोन्ही तीरांची गावे सुगीला तिच्या दारी धान्य घालीत आणि ती बाळंतीण, नवरी आणि वैद्य यांस फुकट नेत असे. कागद मात्र कसलाही नव्हता, कारण कोणास लिहावासा वाटला नाही. पैलतीरी पेठ होती आणि पेठेचे मुख्य भिवजी शेटे. नवा कायदा जाहला तेव्हा शेट्यांनी ग्रंथ वाचवून घेतला आणि त्यांचे ध्यानी आले की ज्या उतारास कागद नाही तो उतार बेवारस. मग त्यांनी कचेरीतून कागद करून घेतला की हा उतार आमच्या वडिलांपासून आमचा, आणि चांगुणेस निरोप धाडिला की आषाढापासून नावेला हात लावू नये.

चांगुणेने दावा लाविला. कलम ऐसे होते की दावा लागल्यापासून तीन महिन्यांत उंटाची शपथ न जाहल्यास कागद ज्याचा, हक्क त्याचा. चैत्रात दावा लागला आणि उंट दूर दक्षिणेस. वैशाख गेला. चांगुणा दर आठवड्यास कचेरीत येई आणि उंबऱ्याशी उभी राहून विचारी, "आला का हो तुमचा उंट?" आणि आम्ही नाही म्हणून मान हलवीत असू. एकदा ती म्हणाली, "नाव गेली तर मी काय करू? मला दुसरं काय येतंय? जमिनीवर नीट चालतासुदिक येत न्हाई मला." हे ऐकून आम्हांस फार वाईट वाटले, आणि त्या दिवशी वाळू पडणार होती ती आम्ही पडू दिली नाही.

मुदतीचा एक दिवस उरला तेव्हा उंट आला, तो पैलतीरी. सभा ऐलतीरी, नदीस पाणी चढलेले, आणि धर्मसाक्षाने पाणी पाहिले आणि बसून घेतले. भिवजी शेटे ऐलतीरी सभेस आधीच येऊन बसले होते, ते पानाचा विडा लावीत म्हणाले, "शास्त्रीबोवा, माझी तर इच्छा फार होती शपथ घ्यायची. पण उंटच यायला तयार नाही, त्याला आपण काय करणार?" शास्त्रीबोवा ग्रंथ चाळू लागले, परंतु वाळवंटी राज्यात नदी नव्हती, सबब ग्रंथातही नदी नव्हती. मग चांगुणा पुढे आली आणि म्हणाली, "उतारूला न्हाई म्हणायची आमची चाल न्हाई. तुमचा उंट माझा उतारू हाय. आणते त्याला."

मग तिने दोन नावा पैलतीरी नेऊन एकीस एक बांधिल्या, वर फळ्या अंथरिल्या, फळ्यांवर पेंढा आणि पेंढ्यावर वीतभर कोरडी माती पसरली, ऐसी की उंटास जमीन वाटावी. लाधूने पुढून हाक दिली, चांगुणेने मागून त्याच्या पाठीवर थाप दिली आणि "चल माझ्या राजा, बायकोवर रुसल्यावानी काय बसतोस" ऐसे काहीबाही बोलत राहिली, आणि धर्मसाक्ष उठला आणि चार पावले टाकून नावेवर येऊन बसला. दोन्ही तीरांवरून लोकांनी आरोळी दिली. चांगुणेने नाव ढकलली, पाण्याची ओढ जबर, तरी ओढीशी न भांडता नाव तिरकी नेत नेत ऐलतीरास लाविली, आणि उंटाच्या वस्त्रास थेंब लागला नाही. पैलतीरची मंडळी दुसऱ्या होडीने आली.

सभा बसली. चांगुणेने उंटाच्या पाठीवर हात ठेवून सांगितले की उतार माझ्या घराण्याचा. मग शास्त्रीबोवा भिवजी शेट्यांकडे वळले आणि आता यांचा चेहरा पांढरा पडेल म्हणोन पाहू लागले. शेट्यांनी उंटाच्या पाठीवर ऐसपैस हात ठेविला, वर दोनदा थोपटले आणि हसत म्हणाले, "उतार आमच्या वडिलांपासून आमचा. झालं?" चेहऱ्यावर काही उमटले नाही. दोन शपथा सारख्या जाहल्या, आणि शपथा सारख्या झाल्यास कागद ज्याचा त्याचा हक्क, हे कलम शास्त्रीबोवांनी स्वहस्ते उतरविले होते. चांगुणा मटकन खाली बसली.

शास्त्रीबोवा घामाघूम जाहले. लाधूस बाजूस नेऊन म्हणाले, "अरे, तुमच्याकडे हात लावताच खरे बोलतात आणि येथे का नाही? उंट बदलला की काय?" लाधू म्हणाला, "उंट तोच आहे, शास्त्रीबोवा. पण आमच्या मुलुखात जो उंटावर हात ठेवून खोटं बोलला, त्याला पुन्हा कोणी उंट देत नाही, आणि उंट नाही तर पाण्यापर्यंत पोहोचत नाही. माणूस वाळूत मरतो. म्हणून भितो. या शेटजींचं उंटावाचून काय अडलंय? तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग शास्त्रीबोवा चांगुणेपाशी आले आणि जमिनीवर तिच्या समोर बसून म्हणाले, "बाई, तुमच्याकडे शपथ कशी घेतात?" त्यांच्या तोंडून प्रश्न निघालेला आम्ही प्रथमच ऐकिला. चांगुणा म्हणाली, "मधल्या धारेत नाव उभी करायची, नाळेवर, म्हंजे नावेच्या पुढल्या टोकावर, हात ठेवायचा, आन् दोन्ही तीरांवर माणसं उभी राहत्यात. खोटं बोलला त्याला मग कुठलीच नाव घेत न्हाई. ह्या तीरचा हितंच, त्या तीरचा तितंच. जल्मभर."

शास्त्रीबोवांनी ग्रंथ पुन्हा पाहिला. सभा कोठे भरावी, हे त्यात लिहिलेले नव्हते. मग त्यांनी आज्ञा केली की सभा नावेवर भरेल, आणि उंटही नावेवर राहील, म्हणजे कलमाचाही मान राहिला. नाव मधल्या धारेत गेली. चांगुणेने एक हात उंटावर ठेविला, एक नाळेवर ठेविला आणि आपले म्हणणे सांगितले. मग शेटे उभे राहिले. उजवा हात उंटाच्या पाठीवर सहज गेला. डावा हात नाळेवर नेला, तो वीतभर वरच थांबला. ऐलतीरी गर्दीत त्यांची लेक उभी होती, ती या तीरी दिलेली, कडेवर दोन वर्षांचा नातू, आणि तो आजोबा दिसले म्हणोन हात हलवीत होता. शेट्यांनी हात खाली नेऊन पाहिला, पुन्हा वर घेतला. मग शेटे मटकन फळीवर बसले आणि म्हणाले, "न्हाई होत. नाव हिचीच. मीसुद्धा लग्नाला हिच्या सासूच्याच नावेतनं आलो होतो." आणि रडू लागले. चांगुणेने नाव वळविली आणि त्यांस लेकीच्या तीरास नेऊन उतरविले.

कागद रद्द जाहला. परंतु दरबारी कोणी कान भरले की शास्त्रीबोवांनी कायद्यात नाळ घुसडली, मग त्यांस बोलावणे आले. महाराज संतप्त होऊन म्हणाले, "ग्रंथ तुम्हीच आणिला, हत्तीवरून आम्ही मिरविला, आणि आता तुम्हीच मोडिता? चूक ग्रंथाची की तुमची, हे शपथेवर सांगा. उंट आणवा." शास्त्रीबोवा हात जोडून म्हणाले, "महाराज, उंटावर हात ठेवून मी काहीही सांगेन. मला माझा ग्रंथ द्यावा." बारा वर्षांचे श्रम त्यात होते, ज्यावर त्यांचे नाव राज्यात चालत होते तो हाच. त्यावर त्यांनी दोन्ही हात ठेविले आणि म्हणाले, "ग्रंथ त्या लोकांपुरता खरा आहे. मी लोक न पाहता शब्द आणिले. चूक माझी." महाराजांचा राग गेला.

मग हुकूम सुटला की प्रत्येक गावाने आपण कशावर हात ठेवून खोटे बोलू शकत नाही ते कळवावे आणि तेथे तेच चालावे. उत्तरे येऊ लागली. कुंभारांनी चाक कळविले, गवळ्यांनी खुंटा, एका गावाने सामाईक विहिरीचा कठडा, आणि एका डोंगरवाडीने लिहिले की आम्ही शपथ घेत नाही, म्हातारी रखमा आमच्याकडे नुसती बघते. हे सारे जसेच्या तसे मंजूर जाहले, आणि रखमेच्या नावची नोंद आम्ही स्वहस्ते केली. धर्मसाक्षाचा किताब कायम ठेवून त्यास कोरड्या रानात मोकळे सोडिले आणि लाधूने तेथेच घर केले. चांगुणेस महाराजांनी उताराची सनद धाडिली. ती घेऊन आम्हीच गेलो होतो. ती म्हणाली, "काय लिवलंय?" आम्ही म्हणालो, "नाव तुमची." ती हसून म्हणाली, "हे तर समद्यांस्नी ठावं हाय." मग थोडा विचार करून तिने सनद घडी करून कमरेस खोचली आणि म्हणाली, "तरी ऱ्हाऊ द्या. पुढं माणसं कशी निपजतील, कोणाला ठावं?"

सारांश, एका मुलुखाचा कायदा दुसऱ्या मुलुखात नेता येतो, परंतु भीती आणि लाज नेता येत नाहीत, त्या जागच्या जागी विचाराव्या लागतात, इतके शास्त्रीबोवा शिकले आणि त्यांजमुळे आम्हीही शिकलो. दरबारच्या मुत्सद्द्यांसही तोच प्रश्न धाडिला होता, की आपण कशावर हात ठेविलात तर खोटे बोलवणार नाही. त्यांजकडून तीनदा निरोप आला की विचार चालू आहे. यादीत त्यांच्या नावापुढे ओळभर जागा कोरी सोडिली आहे. उत्तर आल्यावर लिहू. हकीकत समाप्त.