बाळीवेशीत लागलेली पोथी

"साहेब, संध्याकाळपर्यंत पोथी आणि तिचा मालक, दोन्ही तुमच्या टेबलावर!" असं ठणकावून रोपळेकर पोथीचं बासन काखेत मारून संग्रहालयातून बाहेर पडले. मालकाला जाऊन तीनशे वर्षं झाली होती, हे जोशात त्यांच्या लक्षातच आलं नाही!

रोपळेकरांचं काम जुन्या पोथ्यांची सूची करायचं आणि त्या कुणाकुणाच्या घरून फिरत आल्या ते हुडकायचं. माणूस एकटा. दिवसभर पोथ्या, रात्री खानावळ. खानावळवालासुद्धा "भात?" याच्यापलीकडे बोलत नसे. दुसऱ्यांच्या सात पिढ्या त्यांना तोंडपाठ, पण आजारी पडले तर विचारायला कुणी नव्हतं.

ही पोथी होती घोड्यांच्या आजारांवरची. शेवटच्या पानावर मालकाचं नाव होतं, रुद्रप्पा. विचारत विचारत ते बाळीवेशीत त्याच घराण्यातल्या नागव्वांच्या दारात पोचले. नाव दाखवायला त्यांनी बासन सोडलं मात्र, म्हातारीनं हातच जोडले!

"अगं बाई! थोरल्यांची पोथी आपल्या पायानं घरी आली की! त्येबी श्रावण सोमवारी!"

"अव्वा, मी नुसता चौकशीला..."

कोण ऐकतंय! पाट आला, फुलं आली, विभूती आली, अख्खी आळी आली. पोथी पाटावर बसली.

"आता लागली पोथी," नागव्वा म्हणाल्या. "समाप्तीपातूर उंबऱ्याभायेर जायची न्हाय. वाचा तुमी. जुनं अक्षर आमाला कुटं येतंय?"

खरं सांगायला रोपळेकरांनी तोंड उघडलं. समोर घरभर माणसं त्यांच्याकडे डोळे लावून बसलेली! त्यांचं बोलणं ऐकायला जन्मात कुणी असं बसलं नव्हतं. त्यांना भरूनच आलं. खरं सांगायचं राहिलं आणि वाचन सुरू झालं.

श्लोक संस्कृत होते म्हणून निभावलं. अर्थ सांगताना त्यांनी घोड्याचं मन करून टाकलं.

"मन फुगतं, जमिनीवर लोळतं, शेपूट आपटतं! अशा वेळी त्याला हिंग, सुंठ आणि ओवा गुळातून द्यावा!"

बाया माना डोलवायच्या. वाचन झालं की नागव्वा भाकरी आणि शेंगाचटणी वाढायच्या, "घ्या की अजून" म्हणायच्या. तिकडे साहेबांना रोज नवी थाप! पोथी कसली ते कळलं तर हे दार बंद होणार, याची रोपळेकरांना धास्ती. पोथी संपली तरी तेच होणार, म्हणून ते रोज थोडं थोडंच वाचू लागले.

तरी श्रावणअखेर समाप्ती आलीच. त्या दिवशी, रोज पायरीवर बसून ऐकणारा टांगेवाला चांदसाब धावतच आला.

"पंडतजी! मेरी घोडी का भी यहीच हाल था! हिंग-सोंठ खिलाया तो उठको खडी हो गई! अब खुरां का पढो ना!"

रोपळेकरांनी मान खाली घातली.

"अव्वा, ही देवाची पोथी नाही. घोड्यांच्या औषधांची आहे."

"त्ये दुसऱ्या दिवशीच कळलं की," नागव्वा म्हणाल्या. "मनाला कुटं शेपूट असतंय व्हय?"

"मग ऐकत का बसलात?"

"लागलेली पोथी मधीच कशी सोडायची? आन तुमी लई रंगात आला हुता."

रोपळेकरांचे डोळे भरले. कसंबसं त्यांनी विचारलं, "पुढच्या श्रावणात येऊ का?"

"श्रावण कशाला? उद्यापास्नं रोज जेवायला या की!" नागव्वा म्हणाल्या. "पर येताना पोथी तेवढी आणू नका!"