सोळा तुकड्यांची भाकरी

"अहो, ती भाकरी माझ्या भावासाठी, ईरप्पासाठी केलीय की! तो कुर्डुवाडीला नेणाराय!" दानम्मा ओरडली. तोवर सिद्धाराम मास्तरांनी तव्यावरून उतरलेल्या नरम भाकरीचे कात्रीनं सोळा तुकडे केलेसुद्धा.

उद्या शाळेत तपासणीचे साहेब यायचे होते. त्र्याहत्तर सालच्या तपासणीत त्यांनी शेरा मारला होता, 'मुलांना वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र पाठ आहे, कळलेलं नाही.' यंदाही तोच शेरा आला, तर हेडमास्तरची खुर्ची मास्तरांच्या हातून गेलीच म्हणायची.

"कागदाचं वर्तुळ पोरं विसरतात. भाकरी मरेपर्यंत ध्यानात राहते," मास्तर म्हणाले. एका तुकड्याचं टोक वर, पुढच्याचं खाली, असे त्यांनी तुकडे पाटावर लावले. "बघ, झाला की नाही आयत? लांबी निम्मा परीघ, चव्वेचाळीस. उंची त्रिज्या, चौदा. गुण की आलं भाकरीचं क्षेत्रफळ!"

"आलं. पण रातभर वाळून कडक होताना ती वाकती. दडपून ठिवावी लागती."

"भूमिती मला नको शिकवू."

सकाळी तुकडे फडक्यात बांधून मास्तर वर्गात गेले. साहेबांसमोर टेबलावर खडूनं आयत आखला, ऐटीत फडकं सोडलं. सोळाही तुकडे होड्यांसारखे वळले होते. एक टेकवावा तर दुसरा उठे. मास्तरांनी तळव्यानं दाबलं. कडाक! सोळाचे चाळीस झाले.

"मास्तर, आयत कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"येतोय, साहेब! तुकडे जितके बारीक, तितका आयत नेमका!" म्हणत मास्तरांनी भाकरीचा पार चुरा केला आणि खडूच्या रेघांत पसरला. थोडा उरला, तो बोलता बोलता बाहीनं खाली लोटला. "बघा, एक कण जास्त नाही, एक कण कमी नाही!"

साहेबांनी टेबलाखाली एकदा पाहिलं, चिमूटभर चुरा तोंडात टाकला आणि शेऱ्याच्या वहीत बराच वेळ लिहीत राहिले.

संध्याकाळी मास्तर छाती काढून घरी आले. शेरा उतरूनच आणला होता. "वाच!"

दानम्मानं अक्षरं जुळवत वाचलं, "'पद्धत उत्तम. शनिवारी सत्तावीस शिक्षकांना करून दाखवावी. प्रत्येकाला एक भाकरी द्यावी. सोबत शेंगाची चटणी असावी.'"

तिनं पिठाची परात मास्तरांपुढं सरकवली.

"मला कुठं येतंय?"

"त्यात काय! गोलच तर थापायचीय."

तासाभरानं मास्तरांची पहिली भाकरी तव्यावरून उतरली. दानम्मा पट्टी घेऊन तिच्याभोवती दोनदा फिरली.

"मास्तर, हिची त्रिज्या कुठनं धरायची ओ?"