कटरे गुरुजींचं ‘पाहा, पान अमुक’

कटरे गुरुजींना सरळ प्रश्न विचारायची सोय नाही. परवा कुणीतरी विचारलं, “गुरुजी, काऊन लंगडून राहिले?” तर म्हणाले, “पायाचं सांगून झालं मागं. बैलाखाली पाहा.” म्हणजे कधीतरी बैलाची गोष्ट सांगताना त्यांनी पायाचं सांगितलं होतं, आणि ती आठवायची जबाबदारी ऐकणाऱ्याची. गोंदियातल्या माझ्या दुकानाशेजारचा पानठेलेवाला तर त्यांना पाहिलं की आधीच हात जोडतो. “गुरुजी, आज इंडेक्स मत बताओ.”

माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका आणि तेरवीची पत्रकं यांवर पोट चालतं. तिथे एक दिवस गुरुजी फुलचूरहून सायकल हाणत आले आणि टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. इथल्याच गोरेगावजवळच्या त्यांच्या मूळ गावावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक. धान, मासे, सोयरेधायरे, गुरंढोरं, सगळ्यांना एकेक पान. आणि प्रत्येक मजकुराखाली ‘पाहा, पान अमुक’. नोकरीतून सुटल्यावर गुरुजी कम्प्युटर शिकले होते आणि हे आकडे त्यांनी जिवंत करून ठेवले होते. मजकूर सरकला की आकडा बदलायचा, आकड्यावर टिचकी मारली की थेट त्या पानावर उडी. मला त्यांनी इतक्या उड्या मारून दाखवल्या की मला चक्कर आली.

मी फाइल त्या लिहायच्या सॉफ्टवेअरमधून पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. पान लहान झालं, पुस्तक लांबलं, मजकूर पुढे सरकला. आकडे मात्र जुनेच राहिले, जागचे हलेनात. कच्ची प्रत गुरुजी दुकानातच बोट ठेवून तपासायला बसले. ‘आमच्या सासूबाई’ शोधायला गेले, तर त्या पानावर बोदलकसाच्या तलावातले मासे. लग्नाची पंगत पाहायला गेले, तर म्हशीच्या जुलाबावरचा काढा.

“भाऊ, माही सासू तलावात सोडली ना तुमी! अन् वऱ्हाडाले म्हशीचा काढा पाजून राहिले!”

मला हसू आवरेना. मी म्हटलं, आकडे काढून टाकू, नुसतं ‘मागे पाहा’ लिहू. गुरुजी ऐकेनात. शेवटी मी वैतागलो. “गुरुजी, आकडे लावून लावून पाहाते कोण?”

“पाहाते,” गुरुजी म्हणाले. कोण, ते कशाखाली पाहायचं तेही सांगितलं नाही.

मग काय, एकेक ‘पाहा’ नव्याने जोडत बसलो. गुरुजी शेजारी स्टुलावर, बोट स्क्रीनवर. मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने खडे फोडत होतो. पण जोडता जोडता एक गंमत लक्षात आली. धानावरून बांधावर, बांधावरून बाजारात, बाजारातून देवकाबाई. माशांवरून निघालो, सासूबाईंकडून फिरून पुन्हा देवकाबाई. देवकाबाई म्हणजे गुरुजींची बायको, आमच्या काकू. त्यांच्या पानावर गोष्ट होती गोरेगावच्या बाजारातल्या हिरव्या बांगड्यांची. लग्न ठरल्यावर गुरुजींनी घेतल्या, मापाला लहान निघाल्या, हातात काही गेल्या नाहीत. काकूंनी मात्र बदलूही दिल्या नाहीत.

मला आयतीच संधी मिळाली. “काय गुरुजी, म्हशीच्या जुलाबावरूनबी काकूच? एक वाट तरी सोडाची!”

वाटलं, आता मला कुठल्यातरी पानावर पिटाळतील. पण गुरुजी पहिल्यांदाच सरळ बोलले.

“तिले आता आठवत नाही, भाऊ. सकाळी मलेच विचारते, तुमी कोन्या गावचे? वाचते मात्र बराबर. पुस्तक कुठूनबी उघडते, बोट ठेवते, लिहिलं असन तिथं जाते. मंग आपल्या घरी पोचली पायजे ना ते?”

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. फार वाईट वाटलं. मी पहिल्या पानापासून सगळे आकडे पुन्हा तपासायला घेतले, आणि या वेळी बोट माझं होतं.

देवकाबाईंच्या पानाखाली तेवढं ‘पाहा’ नव्हतं. राहून गेलं असेल म्हणून विचारलं, “गुरुजी, इथून पुढं कोनतं पान टाकू?”

गुरुजी बांगड्यांच्या ओळीकडे पाहत होते.

“नोको,” ते म्हणाले. “इथून नाही पाठवाचं तिले कुठी.”