हडळ आणि हवेशीर माल

एका जंगलात, मुलांनो, जिथे वाघसुद्धा उन्हाळी सेलची वाट बघायचा, तिथे भिकूशेठ साळिंदराचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या पाठीचे काटे लागून सगळ्या ताग्यांना बारीक भोकं पडायची. तो त्याला 'हवेशीर माल' म्हणायचा. आम्ही दुकानदार असेच.

एकदा त्या जंगलात जपानहून एक हडळ आली. तोंडावर मास्क, हातात कात्री. जिवंतपणी नवऱ्याने तिचं तोंड कानापर्यंत फाडलं होतं. त्याचा सूड ती भेटेल त्याच्यावर उगवायची. आधी विचारायची, "मी सुंदर दिसते का?"

ससा "हो" म्हणाला. तिने मास्क काढून तोंड दाखवलं आणि कात्री चालवली. भेकर "नाही" म्हणालं. तेही गेलं.

मग ती भिकूशेठच्या दुकानाची पायरी चढली.

"मी सुंदर दिसते का?"

भिकूशेठचे काटे उभे राहिले. पण तीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाला सरळ हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. जीव जाणार म्हणून सवय थोडीच जाते?

"ताई, ते रंगावर आहे," तो म्हणाला. "आधी बसा तर खरं. पाणी घ्या."

शंभर वर्षांत हडळीला कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं. ती बसली. शेठने मोरपंखी तागा उलगडला, मग डाळिंबी, मग अबोली.

"हा उन्हात कसा दिसेल हो?"

शेठ तागा खांद्यावर टाकून उन्हात गेला.

दिवस कलला तेव्हा चाळीस तागे उघडे पडले होते. हडळ उठली. "घरी विचारून येते," म्हणाली.

भुताला कसलं घर? पण शेठने हात जोडले. जीव वाचला होता.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणी घेऊन आली. एक शाळेच्या संडासात राहणारी. "लाल कागद हवा की निळा?" असं विचारून ती पोरांचा जीव घ्यायची; इथे तिला स्वतःलाच ठरवता येईना. दुसरी रेल्वेखाली कापली गेलेली, कमरेच्या वरचीच तेवढी उरलेली. तिने सगळे परकर बघितले.

घेतलं कोणीच काही नाही. आठवडाभर हेच. बाकीची गिऱ्हाइकं भुतांना भिऊन फिरकेनात. घड्या घालून घालून शेठची मान धरली. शेवटी तो आयुष्यात पहिल्यांदा सरळ बोलला.

"ताई, स्पष्ट सांगतो. तुम्ही सुंदर दिसत नाही. काढा ती कात्री."

हडळ मास्कआडून हसली. "इश्श, शेठ, दुकानदाराचं बोलणं कोणी मनावर घेतं का? तो वरचा जांभळा दाखवा."

तात्पर्य: बाळांनो, धंद्यात पहिल्याच दिवशी खरं बोलावं. फार तर जीव जातो. दुकान तरी वेळेवर बंद होतं.